मोटरच्या वाइंडिंगला व्हार्निश: स्लॉटच्या आत उतरेल असं कसं द्यायचं

भरून आलेल्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून आलेल्या मोटरचं कव्हर उघडलं की ओव्हरहँग (लोखंडाबाहेर डोकावणारा कॉइलचा भाग) लालभडक आणि चकचकीत दिसतो. गिऱ्हाईक खूश होतं. ती चकाकी ब्रशने पाच मिनिटांत येते. स्लॉटच्या (लोखंडातल्या खाचेच्या) आत लेदरॉइडच्या (इन्सुलेशनच्या जाड कागदाच्या) आड दाबून बसलेल्या तारांपर्यंत मात्र ब्रश पोचत नाही. तिथे व्हार्निश न्यायचं तर आधी उष्णता लागते, मग वेळ लागतो, मग पुन्हा उष्णता. मोटर दुसऱ्यांदा भरायला येते तेव्हा कॉइल बाहेर ओढून बघावी. वरचा भाग कडक आणि स्लॉटमधल्या तारा सुट्या, कोरड्या निघाल्या तर व्हार्निश वरवरच राहिलं होतं.

नाशिक भागातल्या मोटरींना हा फरक लवकर जाणवतो. दिंडोरी-निफाडकडच्या विहिरींवरचे मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेले) पंप द्राक्षाच्या छाटणीच्या हंगामात वीज असेल तेवढा वेळ एका दमात चालतात आणि नंतर कित्येक दिवस बंद पडून राहतात. त्र्यंबकेश्वर-इगतपुरी पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने पंपघराच्या भिंतीला हात लावला तरी ओल लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओल कमी, पण कूलंटचा तुषार आणि लोखंडाची भुकटी असते. तिन्हीकडे वाइंडिंगला लागणारं संरक्षण एकच, ते देताना कुठे जास्त जपायचं एवढंच बदलतं.

व्हार्निश नेमकं काय करतं

तारेवर इनॅमलचा थर असतोच, वेढ्यावेढ्यातलं खरं इन्सुलेशन तेच. मग व्हार्निश कशाला? पहिलं काम चिकटवण्याचं. ५० हर्ट्झच्या सप्लायवर तारांवरचं बल सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतं. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना करंट पूर्ण लोडच्या सहा-सात पट जातो. बल करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या क्षणी तारांना बसणारा हिसका छत्तीस ते एकोणपन्नास पट असतो. सुटी तार शेजारच्या तारेवर आणि स्लॉटच्या कडेवर घासत राहते, इनॅमल झिजतं आणि एक दिवस वेढा वेढ्याला भिडतो. व्हार्निशने सगळ्या तारा मिळून एक कांडी झाली की घासायला जागाच उरत नाही.

दुसरं काम उष्णता बाहेर काढण्याचं. तारांमधल्या फटींत हवा असते, आणि हवेतून उष्णता फार हळू जाते. त्या फटी व्हार्निशने भरल्या की तांब्याची उष्णता लेदरॉइडमार्गे कोअरला, म्हणजे मोटरच्या लोखंडाला, लवकर पोचते. त्याच लोडवर तीच मोटर थोडी गार चालते. तिसरं काम ओल, धूळ आणि तेल अडवण्याचं. लोक याच कामाला पहिला नंबर देतात, पण व्हार्निश मारलेली मोटर पाण्यात बुडली तर वाचत नाही. तेवढी अपेक्षा धरू नये.

आधी एक मोठा अपवाद. बोअरवेलची पाण्याने भरलेली सबमर्सिबल मोटर इनॅमल तारेने भरत नाहीत. तिला पीव्हीसी किंवा पॉलीचं आवरण असलेली वाइंडिंग वायर लागते आणि ती वायर पाण्यातच चालते. तिला व्हार्निश द्यायचं नाही, ओव्हनमध्ये तर मुळीच ठेवायचं नाही, आवरण वितळून जाईल. पुढचं सगळं मोनोब्लॉक, कारखान्याच्या टीईएफसी (पूर्ण बंद, बाहेरच्या पंख्याने गार होणाऱ्या) आणि इनॅमल तारेच्या कोरड्या मोटरींसाठी आहे.

कोणतं व्हार्निश, कोणतं थिनर

डब्यावर क्लास, म्हणजे माल किती तापमान सोसतो ते, लिहिलेलं असतं. बी म्हणजे १३० अंश सेल्सिअस, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. तार, लेदरॉइड, स्लीव्ह (तारेवर चढवायची नळी), टेप आणि व्हार्निश यांत सगळ्यात खालचा जो क्लास, तोच त्या वाइंडिंगचा क्लास. एफ क्लासचं महागडं व्हार्निश घेऊन आत बी क्लासची स्लीव्ह घातली तर मोटर बी क्लासचीच राहते, आणि बिलावर एफ लिहिणं ही फसवणूक ठरते.

दुकानात तीन प्रकारचा माल मिळतो. एअर ड्राइंग व्हार्निश हवेवर सुकतं. ते हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, म्हणून वरचा पातळ थर काही तासांत हाताला लागेनासा होतो, पण स्लॉटच्या पोटात जिथे हवाच नाही तिथे ते बरेच दिवस ओलसर राहू शकतं. बेकिंग व्हार्निश उष्णतेने घट्ट होतं, म्हणून खोल भागातही पक्कं होतं. मोटर भरण्याच्या कामाला खरा माल हाच. तिसरं ते लाल इन्सुलेटिंग इनॅमल. ते शेवटचं आवरण आहे, ओव्हरहँगवर धूळ आणि ओल बसू नये म्हणून. बेकिंग व्हार्निशच्या वर मारलं तर चांगलं, त्याच्या ऐवजी मारलं तर नुसता रंग.

थिनर त्या व्हार्निशच्या कंपनीने सांगितलेलंच घ्यायचं. गाडीच्या रंगाचं एनसी थिनर स्वस्त पडतं आणि हाताशी असतं, पण त्यातले जहाल द्रावक इनॅमलला मऊ करतात. काही व्हार्निश त्याने फाटतं, म्हणजे राळ (व्हार्निशमधला घट्ट होणारा भाग) वेगळी होऊन तळाला गोळे जमतात. रॉकेल किंवा पेट्रोल घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

नवीन कंपनीची तार किंवा नवीन व्हार्निश पहिल्यांदा वापरताना एक साधी परीक्षा करावी. तारेचा तुकडा एखाद्या सळईवर चार-पाच वेढे गुंडाळायचा, व्हार्निशमध्ये बुडवून ठरल्याप्रमाणे भाजायचा आणि भिंगातून बघायचा. इनॅमलवर बारीक भेगा किंवा बुडबुडे दिसले तर ती जोडी जमत नाही, दोन्हीतलं एक बदलावं.

बुडवण्याआधीची तपासणी

व्हार्निश भाजल्यावर कॉइल काढायची म्हणजे पुन्हा जाळपोळ आणि पुन्हा सगळा खर्च. त्यामुळे विजेची तपासणी इथेच संपवायची. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजा. तिघांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर वेढे मोजण्यात किंवा सोल्डरिंगमध्ये चूक आहे. साध्या मल्टिमीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स ०.२ ओमच्या आसपास असू शकतो, तो वजा करायला विसरू नये. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक फेज ते बॉडी आणि फेज ते फेज इन्सुलेशन बघा. सर्ज टेस्टर (व्होल्टेजचे झटके देऊन वाइंडिंग तपासणारं यंत्र) असेल तर आताच लावा, वेढ्यावेढ्यातला दोष त्याच्याशिवाय सहसा पकडता येत नाही. शेवटी तात्पुरती जोडणी करून नो-लोड करंट तिन्ही फेजमध्ये सारखा येतो का ते पाहा.

मग हाताची तपासणी. स्लॉटचं तोंड बंद करणाऱ्या बांबूच्या काड्या सगळ्या स्लॉटमध्ये घट्ट आहेत का, ओव्हरहँगवर फेजच्या मधला कागद सरकलेला नाही ना, बांधणीचा दोरा सैल नाही ना. व्हार्निश सैल बांधणी घट्ट करत नाही, ती आहे तशीच गोठवतं. टेप मात्र गच्च आणि तीनपदरी गुंडाळू नये, व्हार्निशला आत शिरायला वाट राहिली पाहिजे.

बाहेर आणलेल्या लीड पीव्हीसीच्या असतील तर भाजताना मऊ पडून चिकटतील, म्हणून सिलिकॉन रबर किंवा फायबरग्लासच्या घ्याव्यात. लग लावले असतील तर त्यांना टेप गुंडाळून लीड वर बांधून ठेवाव्यात. बॉडीतली आट्यांची भोकं ग्रीस लावलेल्या जुन्या बोल्टने बुजवायची. सिंगल फेज मोटर असेल तर सेंट्रिफ्यूगल स्विच आणि कंडेन्सर आधीच काढून ठेवायचे. स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचं, कोरडं वजन लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली उष्णता: ओल काढणं

लेदरॉइड, सुती टेप, बांबू हे तिन्ही ओल पिणारे. जुलैमध्ये दुकानात दोन दिवस पडलेला स्टेटर हाताला कोरडा लागतो, पण आत ओल असते. ती असताना व्हार्निश दिलं तर ओल आतच कोंडली जाते. भाजताना तिची वाफ होते, थर फोडून बाहेर येते आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं मागे ठेवते. पुढची ओल त्याच छिद्रांतून आत शिरते.

ओव्हन ११० अंशांवर ठेवा. ५ एचपीच्या स्टेटरला तीन तास, १५ ते २० एचपीला पाच-सहा तास, पावसाळ्यात दोन तास जास्त. पण वेळ कधीपासून मोजायचा? ओव्हनचा काटा ११० वर आला तेव्हापासून नव्हे, स्टेटर ११० वर आला तेव्हापासून. हवा अर्ध्या तासात तापते, वीस किलो लोखंड तापायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

वाइंडिंगचं तापमान कळायला महागडं साधन लागत नाही, तांबं स्वतःच थर्मामीटर आहे. एका फेजचा रेझिस्टन्स थंड असताना मोजा आणि त्या वेळचं दुकानातलं तापमान लिहा. समजा ३० अंशांना ३.०० ओम आला. कोणत्याही गरम तापमानाचा रेझिस्टन्स काढायला २३५ मध्ये ते तापमान मिळवायचं, त्याला २३५ अधिक थंड तापमान याने भागायचं आणि थंड रेझिस्टन्सने गुणायचं. ११० अंशांसाठी ३४५ भागिले २६५, गुणिले ३.००, म्हणजे ३.९१ ओम. ५५ अंशांसाठी ३.२८. १३० अंशांसाठी ४.१३. हे तीन आकडे खडूने ओव्हनच्या दारावर लिहा, एका फेजच्या दोन लीड उष्णता सहन करणाऱ्या वायरने बाहेर काढा आणि मीटर लावून बसा. ॲल्युमिनियमची तार असेल तर २३५ च्या जागी २२५ घ्यायचे.

ओल निघाली की नाही हे मेगर सांगतो. ओलसर वाइंडिंग तापू लागलं की मेगरचं रीडिंग आधी घसरतं, आणि अनुभव नसलेला माणूस घाबरून ओव्हन बंद करतो. ही घसरण नेहमीची आहे, गरम इन्सुलेशनचा रेझिस्टन्स कमीच असतो. मग ओल जाऊ लागली की रीडिंग चढतं आणि शेवटी एका जागी थांबतं. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन रीडिंग सारखी आली म्हणजे सुकलं. रीडिंग घेताना ओव्हनचा सप्लाय बंद, आणि घेऊन झालं की वाइंडिंग बॉडीला शॉर्ट करून डिस्चार्ज करायचं.

बुडवणं

आता स्टेटर बाहेर काढून ५० ते ६० अंशांपर्यंत गार होऊ द्यायचा. इथे घाई केली की दोन नुकसानं होतात. १०० अंशांचा स्टेटर टाकीत सोडला तर थिनर क्षणात उकळतं, वाफेचा लोट उठतो आणि एक ठिणगी पुरते. शिवाय त्या उष्णतेने टाकीतलं व्हार्निश जड होत जातं, काही महिन्यांत त्याला जेलीसारखं रूप येतं. उलट स्टेटर पूर्ण गार झाला तर पुन्हा ओल पितो आणि व्हार्निशही आत ओढलं जात नाही. कोमट तार व्हार्निशला पातळ करते आणि केशाकर्षणाने ते तारांच्या फटींतून आत चढतं. सगळी गंमत त्या ५५ अंशांत आहे.

घट्टपणा फोर्ड कप बी-४ ने बघावा. तळाला ४ मिमीचं छिद्र असलेला हा छोटा कप काठोकाठ भरायचा, छिद्रावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. बुडवण्याच्या बऱ्याच व्हार्निशना २५ ते ४० सेकंद चालतात, पण शेवटचा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकाचा. मोजताना व्हार्निश ३० अंशांच्या जवळ हवं. निफाडला थंडीत पारा एक आकड्यावर येतो, त्या सकाळी तेच व्हार्निश काकवीसारखं ओघळतं. लगेच थिनर ओतायचा मोह होतो, तो आवरा. डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून कोमट करा, शेगडीवर कधीच नाही. थंडीत थिनर घातलं की दुपारी तेच व्हार्निश पाण्यासारखं होतं, भाजल्यावर तारेवर पापुद्र्याएवढाच थर उरतो आणि फटी मोकळ्याच राहतात. फटी राळ भरते, थिनर उडून जातं.

स्टेटर उभा, म्हणजे बोअर (रोटर बसतो ती मधली पोकळी) वरखाली, साखळीला लटकवून हळूहळू सोडायचा. धाडकन सोडला तर हवा आत कोंडते. पातळी वरच्या ओव्हरहँगच्या दोन-तीन सेंटिमीटर वर आली पाहिजे. आधी भळाभळा बुडबुडे येतात. मग ते बारीक होऊन सोड्याच्या बाटलीसारखी एक सलग माळ उठते. मग एखाद-दुसऱ्या स्लॉटमधूनच अधूनमधून एखादा. तोही थांबला की अजून पाच मिनिटं. लहान स्टेटरला साधारण पंधरा-वीस मिनिटं, मोठ्याला अर्धा तास. घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर जास्त विश्वास ठेवावा.

टाकी नसेल तर ओतून देता येतं. कोमट स्टेटर पत्र्याच्या ट्रेवर दोन लाकडी पट्ट्यांवर उभा ठेवा. बारीक तोंडाच्या मगाने ओव्हरहँगच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेने हळूहळू फिरत व्हार्निश ओता. खालच्या बाजूने प्रत्येक स्लॉटमधून ठिपकताना दिसलं पाहिजे. ज्या स्लॉटखाली ठिपका नाही तिथे पुन्हा ओता. मग स्टेटर उलटा करून तेच. चार फेऱ्या तरी लागतात. ट्रेमध्ये जमलेलं व्हार्निश मलमलीतून गाळून डब्यात परत.

निथळणं

बाहेर काढून पाऊण ते एक तास निथळू द्यायचं, थोडा तिरका ठेवला तर खालच्या ओव्हरहँगला गोळे धरत नाहीत. व्हार्निश ओलं असतानाच बोअर, बेअरिंग कव्हर बसायच्या कडा आणि बॉडीची बैठक थिनरच्या फडक्याने पुसून काढायची. फडकं ओलसर असावं, निथळणारं नाही, नाहीतर थिनर स्लॉटमध्ये उतरून आतलं व्हार्निश धुऊन नेईल. रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते, बोअरमध्ये वाळलेला एक ओघळ रोटर घासायला पुरेसा आहे. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासत बसण्यात तासभर जातो आणि स्टॅम्पिंगच्या (कोअरच्या पत्र्यांच्या) कडा एकमेकींना भिडण्याचा धोका वेगळाच.

भाजणं: दोन टप्प्यांत

सगळ्यात जास्त बिघाड या टप्प्यात होतो, आणि कारण नेहमी एकच, घाई. ओला स्टेटर थेट १४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला की वरचा थर लगेच कातडीसारखा बंद होतो. आतलं थिनर बाहेर पडू शकत नाही. वरून कडक, आतून कच्चं. पंधरा दिवसांनी ती मोटर लोडवर तापली की थिनरचा वास येतो आणि मऊ पडलेल्या व्हार्निशमध्ये तारा पुन्हा हलू लागतात.

पहिला टप्पा ८० ते ९० अंशांवर दीड-दोन तास, ओव्हनचा वरचा झरोका पूर्ण उघडा. यात फक्त थिनर काढायचं. वास कमी झाला की दुसरा टप्पा, व्हार्निशच्या माहितीपत्रकात दिलेलं तापमान. अल्किड-फिनॉलिक प्रकारच्या बेकिंग व्हार्निशला सहसा १२० ते १४० अंश आणि सहा ते आठ तास लागतात. हे तासही वाइंडिंग त्या तापमानाला पोचल्यापासूनचे. दारावरचा ४.१३ चा आकडा आता कामाला येतो.

झालं की नाही ते कसं बघायचं? स्टेटर पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना चांगलं व्हार्निशही नखाला थोडं मऊ लागतं. गार झाल्यावर ओव्हरहँगच्या आतल्या वळणात, जिथे थर जाड आहे तिथे, नख दाबा. वण उठला किंवा चिकट लागलं तर कच्चं आहे, पुन्हा दोन-तीन तास भाजा. तपकिरी-सोनेरी रंग ठीक. काळपट होऊन टिचकीने तुकडे उडत असतील तर जास्त भाजलं गेलं.

आता वजन पुन्हा करा. कोरड्या वजनापेक्षा जेवढं वाढलं तेवढी राळ आत राहिली. त्याच फ्रेमच्या मोटरींची वही ठेवली की चार-पाच मोटरींनंतर अंदाज पक्का होतो. एखादीत निम्मंच वजन वाढलं तर वरून ती कितीही चकचकीत दिसो, आत काही गेलेलं नाही. ही वही ठेवणारी दुकानं थोडी आहेत, खरं तर तिच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

दुसरा डिप, म्हणजे दुसऱ्यांदा बुडवणं, पहिल्यासारखाच, पण स्टेटर उलटा धरून, म्हणजे पहिल्यांदा जिकडून ओघळ गेला त्याच्या विरुद्ध बाजूला जाड थर येईल. दहा मिनिटं पुरतात. भाजताना दोन तास जास्त द्या. दोन डिप बहुतेक कामांना पुरे. त्र्यंबकेश्वरच्या ओलीला तिसरा चालेल, चौथा मात्र नको, कारण ओव्हरहँगमधल्या हवा खेळायच्या वाटा बुजतात आणि जाड थराला तडे जातात. लाल इनॅमल मारायचं ते सगळं संपल्यावर, पातळ एक हात.

म्हणजे ५ एचपीची मोटर भरून झाल्यावर नुसत्या व्हार्निशला दोन दिवस लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत शेतकरी संध्याकाळी मोटर मागणारच, त्याच्या बागेचं पाणी अडलेलं असतं. त्याला काउंटरवरच दोन दिवस सांगावेत, जमलं तर बदली मोटर द्यावी. फारच अडलं तर एक डिप पूर्ण भाजून द्या आणि हंगाम संपल्यावर दुसऱ्या डिपला परत बोलवा. अर्धकच्चे दोन डिप देण्यापेक्षा पक्का एक केव्हाही बरा.

ओव्हन नसेल तर

पत्र्याच्या ड्रममध्ये २०० वॅटचे बल्ब लावून ओल काढता येते, पण बेकिंग व्हार्निशला लागणारे १३० अंश तिथे सहसा मिळत नाहीत. दुसरी वाट करंटने तापवण्याची. रोटर बाहेर, तिन्ही फेज एकापाठोपाठ सिरीजमध्ये आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) शून्यापासून व्होल्टेज वाढवत फेजच्या रेटेड करंटच्या ६० टक्क्यांपासून सुरुवात. ५ एचपी, ४१५ व्होल्ट डेल्टा मोटरचा लाइन करंट सुमारे ७.५ अँपिअर, म्हणजे फेजचा ४.३, त्याचे ६० टक्के म्हणजे २.६. स्टेटर ग्लासवूलच्या चादरीने झाका आणि गरजेप्रमाणे करंट वाढवा, ४.३ च्या वर नको. दर पंधरा मिनिटांनी सप्लाय काढून रेझिस्टन्स बघा. यात उष्णता तारेतूनच येते, म्हणून आतलं व्हार्निश आधी पक्कं होतं, हा मोठा फायदा. धोका दोन ठिकाणी. ओल्या व्हार्निशवर लगेच करंट सोडू नये, रात्रभर उघड्यावर निथळून थिनर उडू द्यावं. आणि डिमरस्टॅट सप्लायपासून वेगळा केलेला नसतो, तेव्हा बॉडीला अर्थिंग पक्कं आणि चालू असताना हात दूर. तापवायला सोडून जेवायला जाऊ नये.

आग आणि वास

या व्हार्निशच्या थिनरमध्ये बहुधा झायलीन किंवा तत्सम द्रावक असतं. झायलीनचा फ्लॅश पॉइंट २५ ते ३० अंशांच्या आसपास, म्हणजे नाशिकच्या साध्या दुपारी त्याची वाफ ठिणगीला पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यातल्या ग्राइंडरपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत जाते. पावसात शटर ओढून डिप करणं ही सर्वांत वाईट सवय. हवा काढणारा पंखा जमिनीजवळ लावावा. ओव्हनला झरोका नसेल तर पहिल्या टप्प्यात आत साठलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. घरगुती कामासाठी केलेला बंद पेटी-ओव्हन यासाठी वापरू नये. विझवायला ड्राय पावडर किंवा फोमचा सिलिंडर आणि वाळूची बादली हवी, पाणी मारलं तर पेटतं व्हार्निश पसरतं. तोंडाला रुमाल बांधून वाफ थांबत नाही, त्याला सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

शेवटच्या तपासण्या

पूर्ण गार झाल्यावर ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट धरून रीडिंग घ्या. आयईईई ४३ या मानकाप्रमाणे अशा लो-व्होल्टेज मोटरला ४० अंशांवर किमान ५ मेगोहम लागतात. नव्याने भरलेली, नीट सुकवलेली मोटर १०० च्या बरीच वर असते, त्यामुळे नव्या कामात २०-२५ आलं तर पास म्हणून सोडू नये, ओल कुठे राहिली ते शोधावं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं. ९० अंशांच्या वाइंडिंगला २० मेगोहम दाखवत असेल तर ४० अंशांवर ते पाच वेळा दुप्पट, म्हणजे ६४० होईल.

हाय व्होल्टेज टेस्टचा नियम दुप्पट व्होल्टेज अधिक १०००, म्हणजे ४१५ व्होल्टला १८३० व्होल्ट, एक मिनिट. ही मेगर पास झाल्यावरच आणि पूर्ण भरलेल्या मोटरवरच. जुन्या, नुसत्या सुकवलेल्या वाइंडिंगवर एवढं व्होल्टेज टाकू नये.

व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणारी मोटर असेल तर दोन डिपमध्ये जराही कसूर नको. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस ५९० व्होल्टच्या घरात असतो आणि लांब केबलवर मोटरच्या टर्मिनलला त्याच्या दुप्पट टोकं येऊ शकतात. तारांमध्ये हवेची पोकळी राहिली की तिथे बारीक डिस्चार्ज होऊन इनॅमल कुरतडलं जातं. अशा मोठ्या मोटरींना व्हॅक्यूम-प्रेशरने राळ भरून घेणं उत्तम. आधी व्हॅक्यूमने फटींतली हवा ओढतात, मग दाबाखाली राळ आत ढकलतात.

नुसती ओली झालेली जुनी मोटर

जळालेली नाही, फक्त पावसाने मेगर पडला आहे, अशी मोटर भरायची गरज नसते. आधी कोरड्या हवेने धूळ काढा, दाब दोन बारच्या आत, जास्त दाबाने भुकटी आणखी आत जाते. ग्रीस-तेल असेल तर कंपनीच्या वाइंडिंग क्लीनरने धुवा. मग ९० अंशांवर, मेगर स्थिर होईपर्यंत सुकवा, कधीकधी दीड दिवस लागतो. त्यानंतर एक डिप. धूळ किंवा ओल तशीच ठेवून वरून व्हार्निश मारलं तर ती कायमची आत गाडली जाते. आणि तारेचं इनॅमल काळं पडून बोटाने गळत असेल तर ती मोटर भरायलाच घ्यावी, मेलेल्या इनॅमलला व्हार्निश जिवंत करत नाही.

टाकीतलं व्हार्निश

काम संपलं की टाकीवर घट्ट झाकण. उघडी राहिली तर साय धरते, पावसाची ओल आत जाते आणि धुळीचा गाळ बसतो. साय ढवळून मिसळू नये, काढून टाकावी. आठवड्यातून एकदा मलमलीतून किंवा बारीक जाळीतून गाळून फोर्ड कपने सेकंद बघावेत आणि थोडं थिनर घालून पहिल्या आकड्यावर आणावेत. थिनर घालूनही सेकंद उतरत नसतील, किंवा काठीला तार धरत असेल, तर त्या व्हार्निशची जेली व्हायला लागली आहे. त्यात नवीन डबा ओतला तर नवाही बिघडतो. टाकी रिकामी करून, थिनरने धुऊन, कोरडी पुसून मगच नवीन माल भरावा. काढलेला माल आणि थिनरची फडकी गटारात किंवा उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवून घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडे द्यायची. व्हार्निशने भिजलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.